संत विन्सेंट डी पॉल : धर्मग्रामातील सेवासंघांचे जनक

दरवर्षी २७ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत विन्सेंट डी पॉल ह्यांचा सण साजरा करते. आपल्या अनेक धर्मग्रामांत त्यांच्या नावाची संघटना कार्यरत आहे. चर्चच्या दारापाशी गोरगरिबांसाठी ठेवलेल्या पेटीवर त्यांचे चित्र असते : काळा झगा, डोक्यावर लहानशी टोपी, पांढरी दाढी आणि कडेवर एक मूल. त्यामुळे ही संघटना संतांनी स्वतःच स्थापन केली, अशी पुष्कळ श्रद्धावंतांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. ही संघटना पॅरिसमधील काही विद्यार्थ्यांनी १८३३ साली, म्हणजे संतांच्या निधनानंतर १७३ वर्षांनी सुरू केली. विन्सेंट ह्यांनी स्वतः जे स्थापन केले तो एका लहान गावच्या धर्मग्रामातील प्रापंचिक स्त्रियांचा भ्रातृसंघ होता. ते साल होते १६१७. त्यांच्या पुढील त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक मोठे कार्य ह्या लहानशा बीजातून उगवले. म्हणून त्यांचे चरित्र ह्या संघाच्या अंगाने सांगण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

भ्रातृसंघ ही कल्पना विन्सेंट ह्यांची नव्हे. गोव्यात ज्यांना आजही कॉन्फ्रारिया म्हणतात आणि ज्यांचे सभासद सणाच्या मिरवणुकीत ओपा-मुर्सा परिधान करून चालतात, तशा संघांची परंपरा युरोपात मध्ययुगापासून होती. एखाद्या संताची वेदी सांभाळणे, मेणबत्त्यांचा खर्च करणे, मृत सभासदांच्या अंत्यविधीस हजर राहणे आणि त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करवणे ही त्यांची मुख्य कामे. काही संघ गरिबांची व आजाऱ्यांचीही सेवा करीत. १४९८ साली लिस्बन येथे स्थापन झालेला मिझेरिकॉर्दिया हा त्यांपैकी फार नावाजलेला. पोर्तुगीज अमलात तो गोव्यात आला आणि वसईतही पोहोचला. कालांतराने पुष्कळ ठिकाणी ह्या संघांत मानापमान शिरले, मिरवणुकीत पुढे कोणी चालावे ह्यावरून तंटे होऊ लागले, हिशेब कोणी कोणाला दाखवीनासे झाले. म्हणूनच ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६२ साली बिशपांना ह्या संघांची पाहणी करण्याचा व हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. पुढे १६०४ साली पोप आठवे क्लेमेंट ह्यांनी संघांच्या स्थापनेविषयी नियम घालून दिले. जुन्या वाड्याची डागडुजी सुरू असावी तसा तो काळ होता. विन्सेंट ह्याच काळातले धर्मगुरू.

त्यांचा जन्म १५८१ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील दाक्स शहराजवळच्या पुई ह्या खेड्यात झाला. वडील झां द पॉल हे लहान शेतकरी, आईचे नाव बेरत्रांद. सहा भावंडांत विन्सेंट तिसरे. लहानपणी त्यांनी मेंढरे व डुकरे राखली. मुलगा हुशार आहे, धर्मगुरू झाला तर घराला हातभार लागेल, ह्या विचाराने वडिलांनी त्यांना दाक्सला शिकण्यास पाठविले. पुढील शिक्षणासाठी वडिलांनी बैलजोडी विकली असे सांगतात. एकदा वडील शाळेत भेटावयास आले, तेव्हा त्यांचे साधे कपडे व लंगडते पाऊल पाहून विन्सेंट ह्यांना लाज वाटली आणि ते भेटावयास गेलेच नाहीत. ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे, कारण म्हातारपणी ते स्वतःच ती वारंवार सांगत आणि स्वतःला दोष देत.

२३ सप्टेंबर १६०० रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. ट्रेंटच्या परिषदेने गुरुदीक्षेसाठी ठरविलेल्या वयापेक्षा ते कितीतरी कमी होते. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण आपण संतांना जन्मतःच संत समजतो. तरुण विन्सेंट ह्यांना चांगले उत्पन्न असलेली जागा हवी होती, आईच्या म्हातारपणाची सोय हवी होती आणि जमल्यास लवकर निवृत्त व्हावयाचे होते. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस येथे आपण गुलाम म्हणून दोन वर्षे काढली, असे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. त्या हकिकतीवर इतिहासकारांचे एकमत नाही. पुढे ते पत्र नष्ट व्हावे म्हणून त्यांनी स्वतः बरीच खटपट केली होती. १६०८ साली ते पॅरिसला आले आणि दोनएक वर्षांत राणी मार्गारेट हिच्या पदरी असलेल्या धर्मगुरूंत त्यांची वर्णी लागली. पॅरिसमध्येच त्यांना फादर पिएर द बेरुल ह्यांच्यासारखा आध्यात्मिक मार्गदर्शक भेटला. १६१२ मध्ये ते पॅरिसजवळील क्लिशी ह्या खेड्याचे प्रमुख धर्मगुरू झाले. तेथे ते मनापासून रमले. पण पुढच्याच वर्षी गोंदी ह्या बड्या सरदार घराण्यात मुलांचे शिक्षक म्हणून त्यांना जावे लागले. घराचे धनी फिलिप-इमॅन्युएल द गोंदी हे फ्रेंच राजाच्या गलबतांचे सरसेनापती होते.

१६१७ च्या जानेवारीत गोंदी कुटुंब पिकार्डी प्रांतातील आपल्या जहागिरीवर गेले होते. गान नावाच्या खेड्यात एक वृद्ध शेतकरी मरणपंथास लागला होता. सारा गाव त्याला सज्जन म्हणून ओळखत असे. विन्सेंट त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन करण्याचे सुचविले. तेव्हा त्या माणसाने अनेक वर्षे लाजेपोटी दडवून ठेवलेली पापे उघड केली. पुढे तो तीन दिवस जगला आणि आपण किती मोठ्या संकटातून वाचलो हे त्याने मादाम द गोंदी ह्यांच्यासमक्ष सर्वांना सांगितले. मादाम हादरून गेल्या. सज्जन म्हणून नावाजलेल्या माणसाची ही गत, तर इतरांचे काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांच्याच आग्रहावरून २५ जानेवारी रोजी, संत पॉलच्या परिवर्तनाच्या सणादिवशी, विन्सेंट ह्यांनी फोलव्हिलच्या चर्चमध्ये प्रवचन केले. त्यानंतर प्रायश्चित्त संस्कारासाठी एवढी गर्दी लोटली की, मदतीला आमिएं शहरातून जेझुइट धर्मगुरूंना बोलवावे लागले. पहिला धक्का त्यांना एका मरणोन्मुख शेतकऱ्याने दिला, दुसरा एका प्रापंचिक स्त्रीने, हे ध्यानात घ्यावे.

त्या श्रीमंत घरात त्यांचा जीव आता रमेना. फादर बेरुल ह्यांच्या साहाय्याने ते कोणालाही न सांगता तेथून बाहेर पडले आणि १६१७ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या पूर्व भागातील शातियाँ-ले-दोंब ह्या गावी धर्मगुरू म्हणून रुजू झाले. हे गाव लिऑनच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होते. धर्मग्रामाची स्थिती शोचनीय होती. धर्मगुरूंचे निवासस्थान राहण्याजोगे नव्हते. म्हणून विन्सेंट झां बेनिए नावाच्या गृहस्थाच्या घरी राहिले. हा गृहस्थ काल्व्हिनच्या पंथाचा होता. तेथे ते जेमतेम पाच महिने राहिले. एवढ्या अल्प काळात जे घडले त्यासाठी त्या गावाचे नाव आजही घेतले जाते.

रविवार, २० ऑगस्ट १६१७. विन्सेंट मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असताना एका बाईने येऊन त्यांना कळविले की, गावाबाहेर एका एकाकी घरात सगळेच्या सगळे आजारी पडले आहेत, पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. विन्सेंट ह्यांनी प्रवचनात त्या कुटुंबाचा विषय काढला. दुपारच्या संध्याप्रार्थनेनंतर ते स्वतः गावातील एका सज्जनाला सोबत घेऊन तिकडे निघाले. वाटेत पाहतात तो काय, बायकांची रीघ लागलेली! कोणी देऊन परत येत आहेत, कोणी घेऊन जात आहेत, कोणी उन्हाने थकून झाडाच्या सावलीला टेकल्या आहेत. विन्सेंट ह्यांनी त्या घरी आजाऱ्यांचे पापनिवेदन ऐकले, त्यांना ख्रिस्तशरीर आणून दिले. तेथे पाहिले तर भाकरी-मांस इतके जमले होते की, ते सगळे खाल्ले जाणे शक्य नव्हते. आज इतके अन्न आहे आणि त्यातले बरेच नासून जाईल. परवा हीच माणसे पूर्वीसारखीच उपाशी असतील. लोकांची माया मोठी आहे, पण तिला शिस्त नाही, असे त्यांच्या मनाने घेतले.

धर्मग्रामात सेवा केलेल्या कोणाही धर्मगुरूला हे दृश्य ओळखीचे वाटेल. आगीत घर जळाले किंवा कर्ता पुरुष गेला की पहिल्या रविवारी पोत्यांनी तांदूळ येतो. पहिल्याच नेमणुकीच्या धर्मग्रामात एका विधवेच्या पडवीत आठवड्याभरात साठलेल्या साखरेला मुंग्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या महिन्यात तिच्या मुलाच्या शाळेच्या फीचे काय झाले हे विचारावयाचे मात्र राहूनच गेले. विचारणाऱ्यांत मीही नव्हतो.

विन्सेंट ह्यांनी तीनच दिवसांनी, बुधवार २३ ऑगस्ट रोजी, गावातील काही स्त्रियांना एकत्र बसविले. त्यांत फ्रान्स्वाज बाशे व शार्लोत द ब्री ह्या दोघी प्रमुख होत्या. कामाची रीत अगदी साधी ठरली. प्रत्येकीने पाळीपाळीने एकेक दिवस उचलावयाचा. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी धर्मग्रामातील सर्व गरीब आजाऱ्यांचे जेवण तिने रांधावयाचे आणि स्वतः नेऊन द्यावयाचे. तीन महिन्यांच्या अनुभवानंतर विन्सेंट ह्यांनी सविस्तर नियमावली लिहून काढली. २४ नोव्हेंबर रोजी लिऑनच्या प्रधान प्रतिनिधींनी तिला मान्यता दिली आणि ८ डिसेंबर १६१७ रोजी, पवित्र मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, संघाची रीतसर स्थापना झाली. रोममधील एका रुग्णालयाच्या नावावरून त्याला प्रीतीचा भ्रातृसंघ असे नाव दिले गेले. सभासद स्त्रियांना गरिबांच्या सेविका म्हणावयाचे ठरले.

ही नियमावली वाचताना आश्चर्य वाटते ते तिच्यातील बारकाव्यांचे. सभासदांची संख्या प्रारंभी वीसच असावी, म्हणजे गोंधळ होणार नाही. विवाहितेने पतीची व मुलीने आईवडिलांची संमती घ्यावी. संघाची एक प्रमुख असावी, तिच्या मदतीला दोघी साहाय्यक असाव्यात. त्यांपैकी एकीने पैसा सांभाळावा, दुसरीने कपडे-चादरी. हिशेबासाठी गावातील एखादा विश्वासू पुरुषही नेमावा. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सभा भरावी. आजारी माणूस खरोखर गरीब आहे का, हे आधी पाहून यावे. त्याला स्वच्छ सदरा द्यावा, पापनिवेदन व ख्रिस्तशरीर ह्यांची सोय करावी.

जेवण वाढण्याचा परिच्छेद तर एखाद्या आईने लिहिला असावा असा आहे. अन्न घेऊन आलेल्या सेविकेने प्रथम आजाऱ्याला प्रेमाने अभिवादन करावे, खाटेवर पाट मांडावा, त्यावर स्वच्छ कापड पसरावे, वाटी, चमचा व भाकरी मांडावी, आजाऱ्याचे हात धुवावेत, प्रार्थना म्हणावी, मग रस्सा ओतावा आणि मांस थाळीत वाढावे. आपल्या पोटच्या मुलाला भरवावे तसा त्याला आग्रह करावा. गरज पडेल तेथे मांस कापून द्यावे, पेला भरून द्यावा. त्याचे मन रमेल असे दोन शब्द बोलावेत. आणि मग सगळ्यात सुंदर नियम येतो : ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे, आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल.

जुन्या भ्रातृसंघांत मेणबत्ती, वेदी व मिरवणूक होती. ह्या संघाच्या केंद्रस्थानी रश्श्याची वाटी आली. ती वाटी स्वतःच्या हाताने न्यावयाची होती, हा त्याचा गाभा. पुढे त्याच गोष्टीवर संघाची कसोटी लागली.

डिसेंबर संपण्यापूर्वी गोंदी कुटुंबाच्या अतिशय आग्रहावरून विन्सेंट पॅरिसला परतले. पण आता मुलांना शिकविणे हे त्यांचे खरे काम राहिले नव्हते. गोंदींच्या जहागिरीतील खेडोपाडी ते प्रवचने देत फिरू लागले आणि जेथे जात तेथे प्रीतीचा भ्रातृसंघ मागे ठेवून येत. १६१८ मध्ये व्हिलप्रो येथे संघ स्थापन झाला, त्यानंतर झ्वानी व माँमिराय येथे. १६२० साली फोलव्हिल येथे त्यांनी पुरुषांचाही संघ सुरू केला. पुरुषांनी धडधाकट गरिबांकडे लक्ष द्यावयाचे : मुलांना एखाद्या कारागिराकडे धंदा शिकण्यास ठेवावयाचे, ज्याची मजुरी पोटाला पुरत नाही त्याला तेवढीच तूट भरून द्यावयाची, म्हातारे व अपंग ह्यांना आठवड्याचा शिधा द्यावयाचा. निधीसाठी काही ठिकाणी संघाच्या मेंढ्या असत. सभासद त्या आपल्या कळपात फुकट चारीत आणि त्यांवर संघाची खूण केलेली असे. मेंढपाळाचा मुलगा तो. त्याला ही युक्ती सुचली ह्यात नवल नाही.

१६२१ साली ते माकाँ शहरातून जात होते. तेथे भिकाऱ्यांचा इतका सुळसुळाट होता की, लोक त्रासून गेले होते. विन्सेंट ह्यांनी त्यांची यादी करून संघामार्फत व्यवस्था लावण्याचे ठरविले, तेव्हा लोक त्यांना हसले, रस्त्यात बोट दाखवू लागले. तीन आठवड्यांत जवळजवळ ३०० गरिबांची सोय लागली. निरोपसमारंभ टाळण्यासाठी विन्सेंट गुपचूप शहर सोडून गेले.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. झ्वानी व माँमिराय येथे स्त्री-पुरुषांचे संयुक्त संघ होते आणि तिजोरी सामाईक होती. पुरुषांना सगळा कारभार आपल्या हाती हवा होता आणि स्त्रियांना ते सहन होईना. शेवटी पुरुषांना बाजूला करावे लागले. बऱ्याच वर्षांनंतर आपल्या एका धर्मगुरूला लिहिताना विन्सेंट ह्यांनी हा अनुभव कळविला आणि स्त्रियांच्या बाजूने साक्ष दिली की, त्यांच्या कारभारात बोट ठेवण्यास जागा नाही, इतक्या त्या काळजीपूर्वक व प्रामाणिकपणे तो सांभाळतात. सतराव्या शतकातील एका धर्मगुरूने हे लिहून ठेवावे, ही लहान गोष्ट नाही. आपल्या धर्मग्राम समित्यांनीही ते पत्र वाचण्यास हरकत नाही.

१६२५ साली खेड्यांतील गोरगरिबांना सुवार्ता सांगण्यासाठी त्यांनी धर्मगुरूंची मिशन संस्था स्थापन केली. तिच्यासाठी निधी गोंदी पतिपत्नींनीच दिला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत मादाम गोंदी निवर्तल्या. ह्या संस्थेचा इतिहास मोठा आहे, तो येथे सांगत नाही. तिच्या धर्मगुरूंना एक अट मात्र होती : ज्या खेड्यात प्रवचनमाला होईल तेथे प्रीतीचा भ्रातृसंघ स्थापन केल्याशिवाय निघावयाचे नाही.

संघ वाढले, तसा नवा प्रश्न उभा राहिला. धर्मगुरू पुढच्या गावी गेले की मागे काय होते? कोठे सभा थांबत, कोठे हिशेब राहून जात. येथे लुईज द मारियाक ह्यांचा प्रवेश होतो. लहानपणी आईविना वाढलेल्या, डिसेंबर १६२५ मध्ये विधवा झालेल्या, एका मुलाची काळजी वाहणाऱ्या ह्या स्त्रीचे विन्सेंट हे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. चार वर्षे त्यांनी तिला थांबावयास लावले. मे १६२९ मध्ये त्यांनी तिला माँमिरायच्या संघाची पाहणी करण्यास धाडले. त्यानंतर लुईज गावोगाव हिंडल्या, कधी घोडागाडीने, कधी घोड्यावर बसून. सोबत सदरे व औषधे नेत आणि खर्च स्वतःचा करीत. संघाच्या वह्या तपासीत, स्त्रियांना एकत्र बोलावीत, आजाऱ्यांना भेटत, गावातील मुलींना शिकवीत आणि पुढे शिकवू शकेल अशी एखादी मुलगी तयार करून मगच परतत. १६३१ मध्ये शालोंच्या बिशपांना हे काम रुचले नाही. तेव्हा विन्सेंट ह्यांनी त्यांना विनातक्रार परत येण्यास कळविले आणि त्या परत आल्या.

खरी कसोटी लागली ती पॅरिसमध्ये. १६२९ पासून राजधानीच्या धर्मग्रामांत संघ सुरू झाले. येथे सभासद झाल्या त्या सरदारांच्या व न्यायाधीशांच्या पत्नी. उत्साह दांडगा, पैसाही मुबलक. पण शातियाँच्या बाजारपेठेतील बाई स्वतः पातेले उचलून शेजारच्या गल्लीत जाऊ शकत होती. पॅरिसच्या सरदारपत्नीला ते जमेना. कोणाच्या पतीला साथीची भीती वाटे, कोणाला अंधाऱ्या जिन्यांची किळस येई. हळूहळू त्यांनी आपल्या मोलकरणींच्या हाती पातेले देऊन पाठविण्यास सुरुवात केली. मोलकरणींना त्यात ना श्रद्धा ना माया; त्या हुकूम पाळीत होत्या. संघ चालू होता, हिशेबही चोख होते. हरवले होते ते खाटेशी बसणे.

विन्सेंट ह्यांनी त्या स्त्रियांवर ताशेरे झाडले नाहीत. त्यांच्या मर्यादा त्यांनी जाणल्या. १६३० साली त्यांना स्युरेन गावची मार्गरित नासो भेटली. ही गाई राखणारी मुलगी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक अक्षर विचारीत तिने स्वतःच वाचावयास शिकून घेतले होते आणि इतर मुलींना ती शिकवीत असे. गरिबांची सेवा करण्यास मी तयार आहे, असे तिने सांगितले. तिला पाहून तिच्यासारख्या आणखी खेडवळ मुली आल्या. वेगवेगळ्या धर्मग्रामांतील संघांत त्या कामाला लागल्या. १६३३ मध्ये प्लेगने आजारी असलेल्या एका स्त्रीला मार्गरितने आपल्या बिछान्यात जागा दिली आणि त्याच आजाराने ती मरण पावली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी लुईज ह्यांनी अशा काही मुलींना आपल्या घरी एकत्र ठेवून घेतले. प्रीतीच्या कन्या म्हणून जगभर प्रसिद्ध झालेल्या संस्थेचा तो जन्मदिवस.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही संस्था संघाच्या यशातून जन्मली नाही, त्याच्या अपयशातून जन्मली. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. त्या काळी व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या चार भिंतींत राहावे, असा दंडक होता. ह्या मुलींना व्रतस्थ भगिनी म्हटले असते तर त्यांना रस्त्यावर पाऊल टाकता आले नसते. म्हणून विन्सेंट ह्यांनी त्यांना धर्मग्रामातील स्त्रियांच्या संघाप्रमाणे भ्रातृसंघाचेच रूप दिले. १६४६ साली पॅरिसच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मान्यता दिली तीही भ्रातृसंघ म्हणून. जुन्या मध्ययुगीन प्रकाराने मठाचा दरवाजा उघडा ठेवला, असे म्हणता येईल.

सरदारपत्नींनाही विन्सेंट ह्यांनी सोडले नाही. १६३४ मध्ये मादाम गूसो ह्या विधवेच्या आग्रहावरून पॅरिसच्या ओतेल-द्यू ह्या मोठ्या रुग्णालयातील आजाऱ्यांसाठी त्यांचा वेगळा संघ स्थापन झाला. चार वर्षांनी ह्याच स्त्रियांनी टाकून दिलेल्या अर्भकांचे काम हाती घेतले. प्रारंभी सगळ्यांना घेणे शक्य नव्हते. चिठ्ठ्या टाकून बारा बालके निवडण्यात आली. कोणाला घ्यावे व कोणाला मागे ठेवावे हे आपण ठरवू नये, म्हणून चिठ्ठ्या. १६४० पासून सर्वच अर्भकांची जबाबदारी त्यांनी उचलली. खर्च इतका वाढला की, पुढे एकदा हे काम बंद करण्याचा विषय सभेत आला. तेव्हा विन्सेंट ह्यांनी त्या स्त्रियांपुढे इतकेच ठेवले की, इतके दिवस त्या ह्या मुलांच्या आया होत्या. आता त्यांच्या न्यायाधीश होऊन त्यांनी मत द्यावे. काम बंद झाले नाही. पेटीवरील चित्रात त्यांच्या कडेवर जे मूल आहे, त्यामागे ही सभा आहे.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोरेन प्रांताला १६३९ पासून ह्याच संघांच्या आधारे मदत गेली. मॅथ्यू नावाचे एक ब्रदर पैशांची थैली फाटक्या पिशवीत लपवून सैनिकांच्या व दरोडेखोरांच्या मुलखातून पन्नासहून अधिक वेळा गेले आणि एकदाही लुटले गेले नाहीत. १६५२ मध्ये यादवी युद्धाने पॅरिसची उपासमार झाली, तेव्हा संत पॉलच्या एकाच धर्मग्रामात भगिनी दररोज सुमारे ५,००० गरिबांना रस्सा वाटीत होत्या. पस्तीस वर्षांपूर्वीची ती एक वाटी येथवर आली होती.

अखेरच्या वर्षांत विन्सेंट ह्यांच्या पायांना जखमा होत्या, चालणे अशक्य झाले होते. तरी पहाटे चारचा उठण्याचा नेम त्यांनी शक्य तोवर मोडला नाही. १५ मार्च १६६० रोजी लुईज ख्रिस्तवासी झाल्या. विन्सेंट त्यांना अखेरचे भेटू शकले नाहीत. २७ सप्टेंबरच्या पहाटे खुर्चीत बसल्या जागीच त्यांनी प्राण सोडला. पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३७ साली त्यांना संतपद बहाल केले आणि १८८५ मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी त्यांना परोपकाराच्या सर्व कार्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ साली सर्व भ्रातृसंघ कायद्याने बंद झाले. धर्मग्रामांच्या वह्या, पेट्या, सदरे, चादरी कोठच्या कोठे गेल्या. एकोणिसाव्या शतकात स्त्रियांचे संघ पुन्हा उभे राहिले. आज ते प्रीतिसेवेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत एकत्र आहेत आणि आपल्या इतिहासाचा प्रारंभ शातियाँपासून मोजतात.

आणि ते १८३३ मधले विद्यार्थी? विश्वविद्यालयातील वादविवादात त्यांना कोणीतरी डिवचले होते की, तुमची ख्रिस्तसभा पूर्वी मोठी असेल, आज गरिबांसाठी ती काय करते? वीस वर्षांचे फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे मित्र २३ एप्रिल रोजी एकत्र जमले. गरिबांची सेवा करावयाची हे ठरले. पण कोणाच्या घरी जावे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते मुफ्तार गल्लीच्या परिसरात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू ह्यांच्याकडे गेले. ह्या भगिनी विन्सेंट व लुईज ह्यांच्याच संस्थेतल्या. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती गरीब कुटुंबांचे पत्ते ठेवले, भाकरीची कुपने दिली आणि कोणालाही मध्ये न घालता जिने चढून स्वतः जावयास सांगितले.